कॉनॉटचे दोन गुण

गॉलवेत सलग आठवडाभर ऊन पडलं आणि कोल्मन हेनेघन मास्तरांची झोप उडाली.

बाकी गाव आनंदानं वेडं झालं होतं. माणसं समुद्रकाठी भाजून लाल होत होती, आइस्क्रीमच्या गाडीपुढे रांगा लागत होत्या, आणि 'काय सुरेख दिवस आहे' एवढंच सांगायला लोक मुद्दाम रस्ता ओलांडून येत होते. मास्तर रोज सकाळी खिडकीशी उभे राहत आणि मागच्या बाकावरच्या आगाऊ पोराकडे बघावं तसे आभाळाकडे बघत. आभाळ निर्लज्जासारखं निळंच.

शनिवारी सामना होता. रग्बीच्या लीगचा शेवटचा, कॉनॉट विरुद्ध वेल्सचा एक संघ. पुढच्या वर्षीच्या युरोपच्या मोठ्या स्पर्धेत एकच जागा उरली होती आणि वेल्सवाले गुणांच्या तक्त्यात कॉनॉटच्या जेमतेम एक पाऊल पुढे होते. कॉनॉट जिंकलं तर जागा कॉनॉटची. हरलं तर वेल्सची. बरोबरी झाली तरी वेल्सचीच. आता हे वेल्सवाले कोरड्या मैदानावर सशासारखे पळतात. कॉनॉटची पोरं तशी पळत नाहीत. पण गुडघाभर चिखल असू द्या, तोंडावर अटलांटिकचं वारं असू द्या, मग बघा. चिखलात सगळे सारखेच हळू होतात, आणि हळू खेळण्याचा सराव फक्त कॉनॉटला आहे.

आयर्लंडचे प्रांत चार. लेन्स्टरला पैसा मिळतो, मन्स्टरला कौतुक मिळतं, अल्स्टरला मान मिळतो आणि आमच्या गॉलवेच्या कॉनॉटला उपदेश मिळतो. इंग्रजांच्या क्रॉमवेलनं नको असलेली माणसं हाकलून जिथं आणून टाकली तो हा प्रांत, आणि डब्लिनच्या रग्बी मंडळातल्या कोटवाल्यांना ती माणसं अजून नकोच आहेत. पोरं इथं वाढवायची, धक्के खाऊन तयार करायची, आणि अंगात ताकद आली की डब्लिननं उचलून न्यायची, वर म्हणायचं की कॉनॉटनं विकासावर लक्ष द्यावं. यंदा युरोप हुकला असता तर उरलीसुरली चांगली पोरंही गेली असती. आणि पुढच्या बैठकीत कुणीतरी चहा ढवळत विचारलं असतं, कॉनॉट हवंच कशाला. या प्रश्नावर मास्तर जेवता जेवता उठून उभे राहत. बायको अॅट्रॅक्टा त्यांना म्हणायची की तुला कुणी विचारलेलं नाही, खाली बस, बटाटे गार होतायत.

तर मैदान ओलं व्हायला हवं होतं. आभाळ करत नसेल तर माणसांनी करावं, असा मास्तरांनी सरळ विचार केला, आणि इथूनच सगळं बिघडत गेलं.

ते आधी मैदानाच्या कचेरीत गेले. आमचं मैदान म्हणजे मधे रग्बीचं गवत आणि भोवतीनं कुत्र्यांच्या शर्यतीची धावपट्टी. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की गवत रग्बीवाल्यांचं असलं तरी पाण्याचा नळ कुत्रेवाल्यांचा आहे. कुत्रेवाल्यांनी सांगितलं की नळ आमचा, पण पाणी नगरपालिकेचं. नगरपालिकेत मास्तरांचा एक जुना विद्यार्थी खुर्चीत बसला होता. त्यानं उठून नमस्कार केला, चहा दिला आणि सांगितलं की दुष्काळ जाहीर झालाय, बागेला पाणी घालायला बंदी आहे. गॉलवेत दुष्काळ. ज्या गावात बाळ जन्मलं की दुपट्याआधी रेनकोट घेतात, त्या गावात. मास्तरांनी त्याला विचारलं की तुला भूगोल कुणी शिकवला रे. तो म्हणाला, तुम्हीच मास्तर.

मग सल्ले सुरू झाले. सल्ला देणं हा आमच्या गल्लीचा मुख्य उद्योग. त्यातला सर्वांत मोठा उद्योजक म्हणजे फेस्टी मॅनियन, विमा विकणारा. ज्याला कुठल्याच गोष्टीची माहिती नाही आणि मत मात्र सगळ्याबद्दल आहे, असा माणूस. तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला की मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं वर बघता, खाली बघत नाही. गल्लीतून जरा चालून या. ऊन का पडलंय ते कळेल.

मास्तर चालून आले. आणि त्यांना दिसलं. मे महिना. घरोघरी पोरांना चर्चमध्ये पहिला प्रसाद मिळायचा सोहळा, दोन ठिकाणी लग्नं. झुडपाझुडपात, फाटकाफाटकाशी प्रागचा बाळ येशू बाहेर ठेवलेला. आमच्याकडे हे असतं. शुभकार्याच्या आदल्या रात्री ही मुकुटवाली, लाल झग्यातली प्लास्टरची मूर्ती बाहेर ठेवायची, मग ऊन पडतं. कुणी यावर विश्वास ठेवत नाही आणि कुणी ठेवल्याशिवाय राहत नाही. मूर्तीचं डोकं आपोआप पडून तुटलेलं असेल आणि पुन्हा चिकटवलेलं असेल, तर ती दुपटीनं काम करते. हेही सर्वांना ठाऊक आहे.

शेजारच्या कन्सेप्टा लॅलीबाईंनी तर कहर केला होता. त्यांच्या सोर्काचं लग्न शनिवारीच होतं, आणि आदल्या रात्रीची वाट न बघता बाईंनी सोमवारपासूनच बाळाला कुंपणालगतच्या हॉथॉर्नच्या झुडपाखाली उभं केलं होतं. कन्सेप्टाबाई स्वतः हाडाच्या कॉनॉटवाल्या. नवरा होता तोवर दोघं पावसात उभे राहून प्रत्येक सामना बघायचे, नवरा गेल्यावर त्या एकट्या जाऊ लागल्या. सामन्याच्या दिवशी लग्न ठेवायची बुद्धी त्यांची नव्हती. तारीख डब्लिनच्या व्याह्यांनी ठरवली होती, आपल्या गोल्फ क्लबाच्या सोयीनं. बाईंनी ते गिळलं होतं, पण पचलं नव्हतं. तरी लग्न ते लग्न. अंगणात पांढरा मंडप उभा राहिला होता आणि बाईंना ऊन हवं होतं.

भूगोल शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसानं प्लास्टरच्या मूर्तीला हवामानासाठी जबाबदार धरावं का, या प्रश्नावर मास्तरांनी बुधवारचा सगळा दिवस घालवला. कमी दाबाचे पट्टे, गल्फचा प्रवाह, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ते म्हणाले, मी मानत नाही. मग ते म्हणाले, पण न मानणाऱ्यानं मूर्ती उचलली तर बिघडतं काय. एकदा माणूस इथवर आला की त्याला अडवायला कुणी लागत नाही, तो पोचलेलाच असतो.

गुरुवारी संध्याकाळी लॅली मंडळी चर्चमध्ये लग्नाच्या तालमीला गेली. मास्तरांनी लांब रेनकोट चढवला, कुंपणातून हात घातला आणि बाळाला कोटाच्या आत घेतलं. रणरणत्या उन्हात अख्ख्या गॉलवेत रेनकोट घातलेला हा एकच माणूस. आणि नेमके फादर टार्पी सायकलवरून आले. थांबले. मास्तरांकडे, मग आभाळाकडे, मग पोटाशी आलेल्या फुगवट्याकडे बघून त्यांनी विचारलं की मास्तर, पावसाची काही बातमी आहे का. मास्तर म्हणाले, आशा आहे फादर. फादर म्हणाले की श्रद्धा असावी ती अशी, आणि पायडल मारून निघून गेले. त्या गडबडीत मास्तरांचं पाऊल स्वतःच्याच फाटकात अडकलं. ते पडले. बाळही पडलं. मुकुटासकट डोकं घरंगळत गुलाबाच्या वाफ्यात गेलं.

अॅट्रॅक्टानं दारातून हे सगळं पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं डोकं उचललं, पदराला पुसावं तसं ॲप्रनला पुसलं आणि म्हणाली, "आता देवालाही सोडत नाहीस."

डिंकानं डोकं चिकटवलं. चिकटवल्यावर मान किंचित डावीकडे वळली, त्यामुळे बाळ मास्तरांच्या मागे काहीतरी बघतंय असं वाटू लागलं. मग वाद सुरू झाला. अॅट्रॅक्टाचं म्हणणं, डोकं तुटलं म्हणजे शक्ती दुप्पट, म्हणजे ऊन दुप्पट, झाला का घोटाळा. आवाज ऐकून आलेल्या फेस्टीचं म्हणणं, बाहेर असताना तुटलं तर ऊन दुप्पट, घरात असेल तर पाऊस दुप्पट, कारण बाळ रुसलेलं आहे. मास्तरांचं म्हणणं, तुटलं ते नेमकं फाटकात, म्हणजे धड बाहेर नाही, धड आत नाही. बिशपांच्या परिषदेत होत नसेल इतकी चर्चा मास्तरांच्या स्वयंपाकघरात झाली. शेवटी मूर्ती कुठं ठेवली म्हणून फेस्टीनं विचारलं. मास्तर म्हणाले, गरम कपाटात, गरम पाण्याच्या टाकीजवळ, टॉवेलांमागे, तिथं कुणी बघत नाही.

फेस्टीनं डोक्याला हात लावला. घरातली सगळ्यांत कोरडी, सगळ्यांत ऊबदार जागा, जिथं ओले कपडे वाळवतात, तिथं त्याला बसवलंत आणि त्याच्याकडून पाऊस मागता, मास्तर, तुम्ही खरंच परीक्षा पास झाला होतात का. मग बाळाची रवानगी जिन्याखालच्या ओल धरलेल्या फडताळात झाली.

त्याच संध्याकाळी टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईनं नकाशावर अटलांटिकमध्ये एक काळा भोवरा दाखवला. मास्तरांना ठाऊक होतं की असले भोवरे तयार व्हायला दिवस लागतात. तरी त्यांची छाती फुगलीच.

शुक्रवारी कन्सेप्टाबाईंना झुडपाखालची जागा रिकामी दिसली. त्यांनी गल्लीत उभं राहून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मास्तर आत सोफ्यावर बसून प्रत्येक पिढीला मान डोलावत होते. तेवढ्यात पहिला थेंब पडला.

शनिवारी पाऊस पडला असं म्हणणं म्हणजे त्या पावसाचा अपमान आहे. समुद्र उभा राहिला आणि चालत गावात आला. लग्नाला पाठदुखीचं निमित्त सांगून मास्तर मैदानावर गेले, तेव्हा कुत्र्यांच्या धावपट्टीवर बदकं पोहत होती. हजारो माणसं हिरवे गळपट्टे गुंडाळून उभी होती. पंच बाहेर आला, त्यानं चेंडू जमिनीवर ठेवला, आणि चेंडू शांतपणे वेल्सच्या दिशेनं वाहत गेला. पंचानं दोन्ही हात आडवे केले. सामना रद्द. शेवटची फेरी, पुन्हा तारीख नाही. नियमाप्रमाणे दोघांना दोन-दोन गुण. दोन-दोन म्हणजे वेल्स पुढं, कॉनॉट घरी. एक चेंडू न खेळता.

मास्तर घरी आले ते पाण्यातून चालत नव्हे, पाण्याबरोबर. दार उघडलं तर आत लग्न.

मंडप उडून सरळ चर्चच्या कळसाला जाऊन अडकला होता. अॅट्रॅक्टानं दार उघडून वऱ्हाड आत घेतलं होतं. जिन्यावर नवरी हॅम सँडविच खात बसली होती. आणि मास्तरांच्या आरामखुर्चीत, मास्तरांच्या ड्रेसिंग गाऊनमध्ये, उघड्या नडग्या शेकत नवऱ्याचे वडील बसले होते. रेडमंड फॅनिंग, डब्लिनचे वकील. आणि त्याच स्पर्धा समितीचे अध्यक्ष, जिनं तो दोन-दोन गुणांचा नियम लिहिला होता.

मास्तरांनी टोपीसुद्धा काढली नाही. त्यांनी विचारलं की सामना उद्या का होऊ शकत नाही. रेडमंडसाहेबांनी वर्गातल्या मंद मुलाला समजावतात तसं समजावलं की दैवी आपत्तीनं सामना रद्द झाला की गुण वाटले जातात. देवाच्या करणीपुढं समितीचा इलाज नाही. कॉनॉटला दोन गुण फुकट मिळाले, त्यात आनंद मानावा.

'फुकट' या शब्दावर मास्तरांचं डोकं फिरलं.

"दैवी कसली," ते म्हणाले. "तो पाऊस मी पाडला."

मास्तरांनी फडताळ उघडून मानमोडं बाळ बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग सगळं सांगितलं. रेनकोट, फाटक, डिंक, गरम कपाट, सगळं. आपत्ती दैवी नाही, माणसाच्या हातची आहे, म्हणून नियम लागू नाही, म्हणून सामना व्हायलाच हवा. युक्तिवाद बिनतोड आहे असं त्यांना वाटलं. कन्सेप्टाबाईंचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

रेडमंडसाहेबांनी पाहिला होता. ते मजेत आले. कप खाली ठेवून म्हणाले की ठीक, तर मग पुढचं कलम. यजमान संघाच्या समर्थकानं सामना बंद पाडला तर यजमानांना शून्य गुण, प्रतिस्पर्ध्याला विजय, आणि पुढचं वर्षभर युरोपच्या दुय्यम चषकालाही बंदी. मास्तरांनी आत्ता सर्वांसमक्ष कबुली दिली आहे. राहिला प्रश्न साक्षीचा. मूर्ती कन्सेप्टाबाईंची. त्यांनी फक्त सांगावं की मूर्ती कुणी नेली.

मास्तर टोपी काढून उभे राहिले. ज्या बाईच्या लेकीचा मंडप त्यांनी कळसावर नेऊन ठेवला, ती बाई आता कॉनॉटचं भवितव्य हातात घेऊन समोर उभी होती. आणि चूक फक्त मास्तरांची होती.

कन्सेप्टाबाईंनी बाळाकडे पाहिलं. वाकडी मान पाहिली. मग व्याह्यांकडे.

"मूर्ती मीच आत आणली," त्या म्हणाल्या.

"स्वतःच्या लेकीच्या लग्नाआधी?"

"कॉनॉटला पाऊस हवा होता."

"आणि काल गल्लीत चोराला शिव्या देत होतात, म्हणे."

"मी रोजच देते. विचारा कुणालाही."

"आणि डोकं?"

"डोकंही मीच फोडलं. अजून काही फोडायचंय का, व्याहीबुवा?"

जिन्यावरून सोर्का म्हणाली की आईनं मला विचारूनच केलं. नवरदेवानं बापाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि त्याचं पुढचं आयुष्य कुठं जायचंय ते त्याला कळलं. तो म्हणाला, मी पण होतो तिथं. तो तेव्हा डब्लिनला होता.

आता कलम लावायचं तर साहेबांना ते स्वतःच्या विहिणीवर आणि मुलावरच लावावं लागलं असतं. साक्ष संपली. पण कन्सेप्टाबाई थांबल्या नाहीत. पाऊस कुणाचा का असेना, सामना राहिलाच आहे, मग तो उद्या का नाही, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले की त्याला समितीची बैठक लागते. समितीत कोण कोण, बाईंनी विचारलं. साहेब, दुसरे त्यांचे मित्र आणि तिसरे गोल्फ खेळायला स्पेनला. मित्र कुठं आहेत, तर ते न्हाणीघरात अंग पुसत होते, कारण तेही लग्नाला आले होते. म्हणजे समितीचं बहुमत मास्तरांच्या घरात होतं, आणि बहुमताच्या विजारी गरम कपाटात वाळत होत्या. कपाटाची किल्ली अॅट्रॅक्टानं ॲप्रनच्या खिशात घातली आणि ती चहा करायला लागली. आज तिला फार काम होतं, किल्ली कुठं ठेवली ते आठवायला वेळ लागेल, असं तिनं सांगितलं.

साहेबांनी कायद्याची भाषा करून पाहिली. उघड्या नडग्यांवर कायदा शोभत नाही. शेवटी स्वयंपाकघरात बैठक भरली. ठराव अध्यक्षांनी ड्रेसिंग गाऊन घट्ट धरून मांडला आणि त्याला दुसऱ्या सभासदांनी अॅट्रॅक्टाच्या गुलाबी झग्यात अनुमोदन दिलं. वेल्सवाल्यांना फोन लावला. बोटी बंद असल्यामुळे ते बंदराजवळच्या एका पबमध्ये अडकून पडले होते. त्यांचा कप्तान म्हणाला की पावसानं दिलेली जागा घेऊन घरी जायची आम्हालाही लाजच वाटत होती, उद्या खेळू.

वऱ्हाड निजायच्या तयारीला लागल्यावर कन्सेप्टाबाईंनी मास्तरांना परसात नेलं. काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही. परत आले तेव्हा मास्तरांचा एक कान लाल होता, आणि मंडप कळसावरून ते स्वतः काढणार असं ठरलं होतं.

रविवारी पाणी उतरलं होतं, चिखल उरला होता. आम्हाला हवा तसा चिखल. सगळं वऱ्हाड मैदानावर आलं, नवरी रबरी बूट घालून. कॉनॉटची पोरं खेळली ती जीव पणाला लावून. धक्क्याला धक्का, गुणाला गुण. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा गुण समसमान होते आणि कॉनॉट वेल्सच्या शेवटच्या रेषेवर. पेनल्टी मिळाली असती तर खांबांमधून मारून जिंकता आलं असतं, पण वेल्सवाले एक चूक करायला तयार नव्हते. रेटा, पुन्हा रेटा, पुन्हा. मास्तरांनी कन्सेप्टाबाईंचा हात धरला होता ते दोघांनाही कळलं नाही. मग अख्खा ढीग रेषेपलीकडे कोसळला. चेंडू आत गेला. मैदान उसळलं. पंच खाली वाकला, ढिगात डोकं घातलं, बराच वेळ शोधलं. चेंडूखाली एका वेल्सवाल्याचा हात होता. चेंडू जमिनीला टेकलाच नव्हता, आणि टेकल्याशिवाय गुण नाहीत. शिट्टी. वेळ संपली. बरोबरी.

बरोबरीचे दोन-दोन गुण. जागा वेल्सची.

रेडमंडसाहेब, आता पूर्ण कपड्यात, मास्तरांजवळ आले. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याला हिशेब सुटत नव्हता. "मास्तर, दोनच गुण," ते म्हणाले. "कालही दोनच होते. तक्त्यात एक रेघ इकडची तिकडे झाली नाही. मग एवढं सगळं कशासाठी केलंत?"

मास्तरांचा आवाज बसला होता. तरी ते पुरेसं मोठ्यानं बोलले.

"कालचे तुम्ही दिले होते, साहेब. हे आम्ही घेतलेत."

साहेबांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण कन्सेप्टाबाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. मग फेस्टीनं, मग त्या बाजूच्या सगळ्यांनी. मैदान रिकामं करावं अशी सूचना भोंग्यावरून झाली. पुन्हा झाली. कुत्र्यांच्या शर्यतीची वेळ झाली होती. कुत्री आली, पट्ट्याला धरलेली, आणि धावपट्टीच्या कडेला बसून राहिली, कारण एकही माणूस जागचा हलला नाही.